साडूची सिद्धता

विद्यापीठाच्या गणित विभागात एक सहायक होता. हजेरीचे तक्ते करायचे, कोणत्या खोलीत कोणाचा तास ते दारावर लावायचं, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मोजून सील करायचे, खडू संपला की नवा काढून द्यायचा, ही त्याची कामं. पण पाठीमागे सगळे त्याला ‘चूकसाहेब’ म्हणायचे ते वेगळ्याच कामामुळे.

गणितात काही दावे असे आहेत की ते शाळकरी मुलालाही समजतात आणि भल्याभल्यांना सिद्ध करता आलेले नाहीत. चारपासून पुढची कोणतीही सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा त्यातलाच एक. दहा म्हणजे सात आणि तीन. शंभर म्हणजे सत्त्याण्णव आणि तीन. यंत्रांनी डोकं गरगरेल इतक्या मोठ्या आकड्यांपर्यंत तपासून पाहिलंय, एकही अपवाद मिळालेला नाही. पण ‘मिळाला नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ यांच्यामधलं अंतर पावणेतीनशे वर्षांत कोणालाच तोडता आलेलं नाही. असल्या दाव्यांचं एक असतं. आयुष्यात काहीतरी मोठं करायचं राहून गेलंय असं ज्याला वाटतं, त्याला तो दावा खुणावत राहतो. वीस पानं लिहून काढली की आपलं नाव कायमचं. त्यामुळे विभागात टपालाने ‘सिद्धता’ यायच्या. निवृत्त इंजिनिअरांच्या, दातांच्या डॉक्टरांच्या, एकदा जहाजावरच्या स्वयंपाक्याची, एकदा तर थेट तुरुंगातून, तुरुंगाधिकाऱ्याच्या शिफारशीसकट. प्राध्यापक पाकीटसुद्धा फोडायचे नाहीत. सगळं सहायकाच्या टेबलावर.

तो ते वाचायचा. पहिली चूक सापडेपर्यंत वाचायचा आणि तिथेच थांबायचा. मग एका कागदावर हाताने लिहायचा, ‘आपल्या लिखाणातली पहिली चूक पान अमुक, ओळ अमुक इथे आहे. तिथपर्यंतचा भाग तपासला आहे. पुढचा वाचलेला नाही.’ खाली सही, तारीख. बहुतेकांची चूक पहिल्या दोन पानांतच निघायची. अठ्ठावीस वर्षांत त्याने अशी सहाशेच्या वर पत्रं लिहिली होती आणि एकाही पत्रात त्याची स्वतःची चूक कोणी दाखवू शकलं नव्हतं. याचा त्याला किती अभिमान होता ते त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

आणखीही एक गोष्ट तिला पुरती माहीत नव्हती. तो या विभागात मुळात सहायक म्हणून आलाच नव्हता. तेविसाव्या वर्षी तो संशोधन करायला आला होता, वर्गात पहिला येऊन. मार्गदर्शकांनी बजावलं होतं, ‘त्या दाव्याच्या नादाला लागू नकोस, साधा विषय घे.’ त्याने मान डोलावली आणि चोरून चार वर्षं तोच दावा घोळवला. हाती भोपळा आला. प्रबंध राहिला, शिष्यवृत्ती संपली. विभागात सहायकाची जागा निघाली तेव्हा ‘तात्पुरती’ म्हणून धरली, आणि धरलेली सुटली नाही. त्याच्या मागून दोन वर्षांनी आलेली मुलगी आता विभागप्रमुख होती. तिच्या खोलीबाहेरच्या पाटीवर तिच्या पदव्या दोन ओळींत मावत नव्हत्या. ती पाटी पुसायचं काम त्याचं नव्हतं, पण जाता-येता तिच्यावरची धूळ त्याला दिसायची आणि तो ती तशीच राहू द्यायचा.

घरी बायकोला त्याने लग्नाच्या वेळी इतकंच सांगितलं होतं, ‘संशोधनात मन रमलं नाही.’

हे सगळं असं चाललं असताना एका रविवारी धाकट्या मेहुणीकडे दुपारचं जेवण होतं. तिचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, चष्म्याचं दुकान चालवायचा. दुकान तसं लहान होतं. पुढे काचेची कपाटं, मागे डोळे तपासायची खुर्ची, आणि पडद्यापलीकडे भिंगांच्या कडा घासायचं चाक. माणूस गप्पिष्ट, हसरा, कोणाच्याही खांद्यावर हात टाकणारा. सहायकाला तो कधीच आवडला नव्हता. का, हे त्याला सांगता आलं नसतं. बहुधा लोक त्याच्या दुकानात नुसते बसायला येत म्हणून.

जेवण झाल्यावर साडू म्हणाला, “दादा, तुम्हाला एक सांगायचंय. हसायचं नाही.”

“बोला, साडूबुवा.”

“ते तुमचं दोन मूळ संख्यांचं नाही का... ते मी सिद्ध केलंय.”

सहायक हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे तो टपाल उघडताना हसायचा, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

“बावीस पानं झालीत,” साडू म्हणाला. “तीन वर्षं करतोय. दुपारी गिऱ्हाईक नसतं ना. भिंगांच्या उरलेल्या काचेच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर मूळ संख्यांच्या जागी ओरखडे काढले, एकीवर एक ठेवून बघत बसायचो. थांबा, दाखवतो.” त्याने बायकोकडून तीन कंगवे मागवले आणि टेबलावर एकमेकांवर सरकवायला लागला. कुठे दाते जुळतात, कुठे नाही. दोघी बहिणी खाली वाकून बघत होत्या. सहायक खिडकीबाहेर बघत होता.

“ही तुमच्यासाठी एक प्रत,” साडूने पुडकं पुढे केलं. “घाई नाही. सवडीने वाचा.”

घरी आल्यावर सहायकाने ते पुडकं जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सारलं. वाचायचं काय त्यात? दुसऱ्या पानावर चूक असणार. जास्तीत जास्त तिसऱ्या.

पण साडूने फक्त त्यालाच प्रत दिली नव्हती. एक वार्ताहर त्याच्याकडून चष्मे करून घ्यायचा. गुरुवारी पहिल्या पानावर मथळा झळकला, ‘शतकानुशतकांचं कोडं चष्म्याच्या दुकानात सुटलं!’ खाली साडूचा फोटो, डोळ्यासमोर भिंग धरलेला, एक डोळा बशीएवढा.

त्या दिवसापासून सहायकाच्या अंगाचा तिळपापड व्हायला सुरुवात झाली.

न्हाव्याच्या दुकानात बातमी कापून आरशाला चिकटवली होती. न्हावी म्हणाला, “तुमचे साडू ना हे? काय डोकं आहे! तुम्ही पण गणितातच आहात ना कुठे? शिपाई आहात का तिथे?” सहायकाच्या गळ्याशी वस्तरा टेकलेला होता, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. रेडिओवर मुलाखत झाली. दोन शाळांनी बोलावलं. साडू मुलांना सांगायचा, “घाबरायचं नाही, गणित म्हणजे नीट बघणं.” हे वाक्यही पेपरात छापून आलं. बायको औषधांच्या खिडकीवर कामाला होती. तिथे ओळीत उभे असलेले लोक तिला विचारायचे, आणि ती घरी येऊन सांगायची.

“आज तिघांनी विचारलं. मी म्हटलं, हो, माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान.”

“आणि माझ्याबद्दल?”

“तुमच्याबद्दल काय?” तिला खरंच कळलं नाही.

त्याने पेपराची घडी इतकी जोरात घातली की मधून फाटली. अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं आपण मूग गिळून बसलो, जे सिद्ध झालं नाही ते झालं म्हणायचं नाही, ही लाज पाळली, आणि हा नाकावर भिंग ठेवून गावभर मिरवतोय. चूक असणारच. पण चूक निघाली तरी हा मिरवून झालेला असेल. हे त्याच्या घशाखाली उतरेना.

पुढच्या सोमवारी विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. “पत्रकार सारखे फोन करताहेत. विभागाचं मत काय, विचारतात. तुमच्या नात्यातले आहेत म्हणे?”

“लांबचे,” तो म्हणाला.

“बघून घ्याल का? नेहमीसारखं.”

आता ते कामच झालं. त्याने गठ्ठ्याखालून पुडकं काढलं, विभागात आणलं, पेन्सिलीला टोक केलं आणि दुपारच्या सुट्टीत वाचायला बसला. मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. पहिलं पान. अक्षर गोल, व्याख्या भाबड्या शब्दांत, पण चूक नाही. दुसरं पान. नाही. तिसऱ्यावर एक ठिकाणी त्याची पेन्सिल खाली आली, मग त्याने परत वाचलं आणि पेन्सिल उचलली. चूक त्याच्या वाचण्यात होती. पाचवं, सहावं. डबा तसाच राहिला. सातव्या पानावर त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं गार पडली आहेत.

नवव्या पानावर ते होतं.

दोन पट्ट्या उलटसुलट ठेवून जुळणारे ओरखडे मोजायचे, हे कोणीही करतं. त्याने स्वतः चोविसाव्या वर्षी केलं होतं. पण साडूने त्यांवर तिसरी पट्टी ठेवली होती. ती एकेक घर सरकवायची आणि एका विशिष्ट तऱ्हेने मोजायचं, तर एक आकडा बदलतच नाही. पट्टी कुठेही न्या, तो तेवढाच. साडूने ते अर्ध्या पानात दाखवलं होतं, सरळ, जसं कोणी खुर्ची पुढे ओढून बसावं तसं. त्या अर्ध्या पानाने दावा सिद्ध होत नव्हता, पण ते खरं होतं, आणि सहायकाने ते आजवर कुठेही वाचलेलं नव्हतं. चार वर्षं तो त्याच दोन पट्ट्यांपाशी बसला होता, तिसरी घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं.

पुढे काय, या भीतीने त्याला वाचवेना. हे सगळंच खरं निघालं तर? एक चष्मेवाला, दुपारी गिऱ्हाईक नसताना! दोन दिवस त्याने पुडकं उघडलं नाही. बुधवारी उघडलं, आणि चौदाव्या पानावर, सहाव्या ओळीत, त्याचा जीव भांड्यात पडला.

साडूने लिहिलं होतं की प्रत्येक संख्येमागे सरासरीने पुष्कळ जोड्या असतात, म्हणून प्रत्येक संख्येला एक तरी जोडी मिळणारच. हे म्हणजे शहरात घरटी सरासरी दोन छत्र्या आहेत म्हणून कोणीच भिजणार नाही, असं म्हणणं. एखाद्या घरात दहा असतील आणि शेजारी एकही नसेल. त्या ‘म्हणून’वर पुढची सगळी आठ पानं उभी होती.

त्याने तिथल्या तिथे पत्र लिहिलं. पान चौदा, ओळ सहा. सही केली, तारीख घातली, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. टपालात टाकलं नाही. साडूचं दुकान दहा मिनिटांवर होतं, तिकडेही गेला नाही. बाईंनी विचारलं तर म्हणाला, “अजून वाचतोय.” बायकोने विचारलं तर म्हणाला, “मोठं काम आहे, घाई करून चालत नाही.” कारण पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी वाचनालयाच्या सभागृहात साडूचा सत्कार होता, आणि विभागातर्फे दोन शब्द बोलायला त्यालाच बोलावलं होतं. आठ दिवस तो ते पत्र छातीशी घेऊन हिंडला. इतका हलका तो कैक वर्षांत चालला नव्हता. जिन्यात शीळ घातली त्याने एकदा.

सभागृह भरलं होतं. मागे लोक उभे होते. साडू नवा कोट घालून बसला होता आणि त्याला तो काखेत घट्ट होत होता. वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्याला अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मानपत्र वाचून झालं. मग सहायकाला बोलावलं.

त्याने घसा साफ केला आणि पत्र उघडून वाचलं. मग छत्र्यांचं उदाहरण दिलं. ते त्याने घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. कोणीतरी हसलं, मग बरेच हसले, मग हळूहळू कळलं की हे विनोदासाठी सांगितलेलं नाही, आणि सभागृह चिडीचूप झालं.

साडू खुर्चीतून उठला. “दादा, ती ओळ परत सांगता?”

सहायकाने परत सांगितली. साडूने खिशातून पेन्सिल काढली, मानपत्राच्याच मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं, खोडलं, बघत राहिला. पहिल्या रांगेत धाकटी बहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी साडू म्हणाला, “हो. बरोबर आहे तुमचं. चूक आहे.” मग त्याने मान वर केली. “आणि नववं पान? ते तरी बरोबर आहे का?”

या प्रश्नाची तयारी सहायकाने केलेली नव्हती. पुढचं वाचलेलं नाही, असं म्हणायची सोय नव्हती. नववं चौदाच्या आधी येतं, आणि पहिल्या चुकीपर्यंतचं सगळं तपासलंय असं पत्रातच लिहिलेलं होतं. दोनशे माणसं बघत होती. तो म्हणाला, “नवव्यात विशेष काही नाही. जुनंच आहे. सगळ्यांना माहीत असलेलं.”

“अच्छा,” साडू म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी पेपरात सहायकाचा फोटो आला. ‘सत्याचा पहारेकरी’ असं खाली छापलं होतं. न्हाव्याने आरशावरची बातमी बदलली. रेडिओने पाच मिनिटं बोलायला बोलावलं. तो गेला, आणि छत्र्यांचं उदाहरण तिथेही दिलं. त्याने त्या दिवशीच्या पेपराच्या सहा प्रती घेतल्या, वेगवेगळ्या तीन दुकानांतून, म्हणजे कोणाला काही वाटू नये. तीन दिवस लोक रस्त्यात थांबवून हात मिळवत होते. चौथ्या दिवशी कोणी थांबवलं नाही. पाचव्या दिवशी तो मुद्दाम बाजारातून लांबच्या वाटेने घरी आला, तरीही नाही.

साडूचे मात्र हाल झाले. लोक दुकानात शिरताना म्हणायचे, “नंबर नीट तपासा हो, सरासरीने नको!” आणि स्वतःच हसायचे. बसायला येणारे येईनासे झाले. त्याने काचेच्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्याचं धाकटीने फोनवर बहिणीला सांगितलं, आणि त्यानंतर तिचा फोन आला नाही.

बायको आठवडाभर गप्प होती. मग एका सकाळी कोट धुलाईला द्यायचा म्हणून तिने खिसे रिकामे केले आणि पत्र त्याच्यासमोर धरलं.

“ही तारीख बुधवारची आहे. सत्काराच्या आधीच्या आठवड्यातली.”

“हो, मग?”

“मग काय? आठ दिवस तुम्हाला माहीत होतं. दहा मिनिटांवर दुकान. जाऊन सांगितलं असतंत तर त्यांनी सत्कारच घेतला नसता.”

“विभागाचं काम होतं. रीतसर...”

“रीतसर!” ती म्हणाली. “माझी बहीण पहिल्या रांगेत बसली होती हो.” आणि ती कोट घेऊन गेली.

त्याला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगा, फार नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. नववं पान त्याचा पिच्छा सोडत नव्हतं. तक्ते करताना, बसची वाट बघताना तिसरी पट्टी सरकत राहायची. चूक चौदाव्या पानावर होती, ती साडूची. नववं पान साडूने टाकून दिलं होतं, पट्ट्यांसकट. आणि सगळ्यांना माहीत असलेलं ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याने ग्रंथालयात दोन महिने शोधलं. कुठेही नव्हतं. मग त्याने ते नीट भाषेत मांडायला घेतलं. साडूचे भाबडे शब्द काढले, चिन्हं घातली, शेवटी स्वतःचं एक छोटं टोक जोडलं. चार पानांचं टिपण झालं. वर नाव एकच लिहिलं, स्वतःचं.

विभागप्रमुख बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. “सुंदर आहे. खरंच. इतक्या वर्षांनी! कुठून सुचलं तुम्हाला?”

“असंच,” तो म्हणाला. “बसल्या बसल्या.”

“मी नियतकालिकाला पाठवते. छापतील.” मग त्या जरा थांबल्या. “मला नेहमी वाटायचं, तुमचं काहीतरी व्हायला हवं होतं.”

हे वाक्य ऐकण्यासाठी त्याने अठ्ठावीस वर्षं घालवली होती. ते ऐकून त्याने टिपण त्यांच्या हातातून परत घेतलं. 

टिपणाचा शेवटचा हात फिरवायला त्याने ते घरी आणलं. संध्याकाळी बायको टेबल आवरत होती. तिने कागद उचलला, खाली ठेवणार तोच थांबली.

“हे तीन कंगव्यांचं चित्र आहे.”

“काय?”

“धाकटीकडे जेवायला गेलो तेव्हा तिच्या यजमानांनी दाखवलं होतं. दोन खाली, तिसरा वरून सरकवायचा. आकडा तोच राहतो, म्हणाले होते. मला सुद्धा कळलं होतं.” तिने बोट सरकवत वर नेलं, जिथे नाव होतं तिथे. ते तिने मनातल्या मनात वाचलं. “तुम्ही सभेत म्हणालात ना, यात विशेष काही नाही?”

 तिने कागद अलगद ठेवला, जणू तो ओला आहे. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि तिने कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो चष्म्याच्या दुकानात गेला. पुढे कोणी नव्हतं. पडद्यामागे चाकाचा आवाज येत होता. साडू भिंगाची कड घासत होता. त्याने वर बघितलं, चाक बंद केलं नाही.

“नववं पान चांगलं आहे,” सहायक मोठ्याने म्हणाला, चाकाच्या आवाजावर. “नवीन आहे. मी त्या दिवशी खोटं बोललो.”

साडूने भिंग उजेडाकडे धरून बघितलं, परत चाकाला लावलं. “मला वाटलं होतंच.”

“मग बोलला का नाहीत?”

“खात्री नव्हती. खात्री असणारे तुम्ही. मी काय, काचा घासतो.” आता त्याने चाक थांबवलं. “दादा, तुम्ही चूक काढलीत त्याचा मला राग नाही. भरसभेत काढलीत त्याचाही गिळला असता. पण ते एक बरोबर होतं. मी तुम्हाला विचारलं. सगळ्यांसमोर तोंड वर करून विचारलं.”

सहायकाने खिशातून टिपण काढून पुढे ठेवलं. वरचं नावही झाकलं नाही. साडूने वाचलं. चिन्हं त्याला सगळी कळली नसावीत, पण चित्र कळलं, नाव कळलं. त्याचे कान लाल झाले.

“जा तुम्ही,” तो म्हणाला. “आत्ता जा.”

सहायक गेला. विभागात येऊन त्याने बाईंना सगळं सांगितलं, उभ्यानेच, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “नाव कोणाचं घालायचं ते लिहून आणा,” आणि समोरची फाइल ओढली. त्यांनी पुन्हा कधी त्याचं काहीतरी व्हायला हवं होतं असं म्हटलं नाही.

अकरा दिवसांनी साडू स्वतः घरी आला. बसला नाही, दारातच उभा राहिला.

“मला एक सांगायचंय, मग तुम्ही तुमचं बोला,” तो म्हणाला. “ती प्रत तुम्हाला दिली तेव्हा पेपरवाल्याला आधीच दिलेली होती. तुम्हाला आधी दाखवली असती तर तुम्ही चूक काढली असतीत. हे मला माहीत होतं. चूक असेल असं आतून वाटतही होतं. पण एक महिना तरी मला मोठं व्हायचं होतं हो. फोटो पाहिजे होता.” तो ओशाळून हसला. “तेवढ्यापुरते आपण सारखेच.”

सहायकाला ‘सारखेच’ हा शब्द आवडला नाही. बायको आतून खुर्ची घेऊन आली आणि म्हणाली, “बसा आधी.”

टिपण छापून आलं ते दोघांच्या नावाने. सहायकाने फक्त साडूचं घालायचं ठरवलं होतं, पण साडू म्हणाला, शेवटचं टोक तुमचं आहे ना, मग खोटेपणा परत कशाला. नावं वर्णानुक्रमे लावतात, त्यामुळे साडूचं आधी आलं. पेपरात त्याची बातमी आली नाही. न्हाव्याला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे ते कोडं सुटलं का शेवटी?” नाही म्हटल्यावर त्याने विषय बदलला. बहिणी हळूहळू बोलायला लागल्या, आधी औषधांबद्दल, मग बाकीचं. धाकटी मात्र भाऊजींशी अजूनही मोजून बोलते.

वर्षभराने परदेशातल्या एका प्राध्यापकाचं पत्र विभागात आलं. तिसऱ्या पट्टीची कल्पना त्यांना फार आवडली होती, ती कशी सुचली ते कळवाल का, म्हणून विचारलं होतं. पत्र साडूच्या नावाने होतं. एकट्याच्या. सहायकाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आत दुसरा कागद आहे का तेही पाहिलं. छातीत तीच जुनी कळ उठली, अगदी तशीच, तिच्या ओळखीच्या जागी. एवढं सगळं होऊनही ती कुठे गेलेली नव्हती, आणि याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

तो पत्र घेऊन दुकानात गेला. साडूला परदेशी भाषेत उत्तर लिहिता येत नव्हतं, म्हणून तोच काउंटरवर कागद घेऊन बसला.

“सांगा,” तो म्हणाला.

“काय सांगू? दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, हे लिहा आधी,” साडू म्हणाला आणि खळखळून हसला. “तिसरी पट्टी हातातून निसटून खालच्या दोघींवर पडली, म्हणावं. उचलताना दिसलं. आणखी काही नाही हो त्यात.”

हातातून निसटून पडली! सहायकाचा हात क्षणभर थांबला. आपल्याला चार वर्षं घालवून जे सुचलं नाही, ते याला पडलेलं उचलताना मिळालं, आणि तो हसत सांगून मोकळाही झाला. मग त्याने साडूने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि खाली सहीसाठी कागद त्याच्याकडे सरकवला.